आसन क्रमांक नऊबाबत

१

विषय : धावपट्टीच्या पश्चिम टोकाला उभ्या असलेल्या, वापरात नसलेल्या प्रवासी विमानाची विल्हेवाट लावण्यापूर्वी त्याचे पूर्ववृत्त सादर करण्याबाबत.

संदर्भ : व्यवस्थापकांचे तोंडी आदेश, सोमवार, चहाच्या सुमारास.

तोंडी आदेशाचाही संदर्भ द्यायचा असतो, हे त्या लहानशा विमानतळावर एकाच माणसाला ठाऊक होते. तो म्हणजे हेडक्लार्क. त्याचे खरे नाव पगारपत्रकावर होते. बाकी सगळीकडे तो ‘रकाना’. रिकामा रकाना त्याला बघवत नसे. लिहायला काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहावे, वरचेच खाली असेल तर ‘वरीलप्रमाणे’ लिहावे, पण जागा मोकळी सोडू नये, हा त्याचा धर्म. त्याने लग्न केले नव्हते. तो रकानाही त्याने वेळच्या वेळी ‘निरंक’ लिहून भरला होता.

निवृत्तीला तीन महिने उरले होते. व्यवस्थापक वयाने त्याच्या भाच्याएवढे.

“इतिहास एका पानात बसवा, रकानेसाहेब,” ते म्हणाले. “एकाच बाजूला. कुठून आलं, कधी बिघडलं, कोणाच्या मालकीचं. पुढच्या मंगळवारी करवत लागणार.”

विमान चौतीस वर्षे तिथेच उभे होते. दोन पंख्यांचे, जुन्या घडणीचे, शेपूट जमिनीला टेकून नाक वर केलेले. धन्याची वाट बघत बसलेल्या कुत्र्यासारखे. एका दुपारी एका इंजिनातून धूर निघू लागला म्हणून ते इथे उतरवले. एकतीस प्रवासी सुखरूप उतरले, त्यांना बसने पुढे पाठवले. दुरुस्तीचे सामान येण्याआधीच विमान कंपनी बुडाली, आणि विमान ‘पुढील आदेश होईपर्यंत’ जप्तीत राहिले. पुढचा आदेश व्हायला चौतीस वर्षे लागली, यात रकान्याला काही वावगे वाटले नाही.

पूर्ववृत्त त्याला तोंडपाठ होते. अडचण एकच होती. त्या एकतीस प्रवाशांत त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. कागदोपत्री तो उतरला होता, आणि घरी मात्र आला नव्हता.

२

ताईने बातमी ऐकली तेव्हा ती जेवणाची भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“कापणार म्हणजे?”

“कापणार म्हणजे कापणार. करवतीने. भंगारात.”

“मग त्या कागदावर एवढं लिही, की ते उतरले नाहीत.”

“ताई, कागदावर उतरलेत.”

“कागदावर. घरी आले का?”

हा संवाद चौतीस वर्षे चालू होता. नळ तेवढा दर वेळी बंद होत नसे. विमान उतरले त्या दिवशी ताई तीस वर्षांची होती. भाऊजी शाळेत गणित शिकवायचे. परीक्षेच्या कामासाठी दुसऱ्या गावी गेले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच विमानाने परत येत होते. ते आले नाहीत तेव्हा चौकशी झाली. यादीत ‘उतरले’ अशी खूण होती. मग लोकांनी उरलेले गणित स्वतःच सोडवले. धडधाकट माणूस विमानातून उतरतो आणि घरी येत नाही, म्हणजे त्याला घरी यायचे नव्हते. सासूने तोंडावर सांगितले, दिराने चिठ्ठी लिहून कळवले, शेजारणींनी नुसत्या नजरेने. ताई ना सवाष्ण राहिली ना विधवा. ती ‘टाकलेली’ झाली, आणि भावाच्या घरी आली.

रकाना तेव्हा चोवीस वर्षांचा होता. भाऊजींचा शोध लागावा म्हणून तो विमानतळाच्या कचेरीत अर्ज घेऊन जायचा. इतक्यांदा गेला, की तिथल्या मोठ्या बाबूंनी विचारले, तुझे अक्षर चांगले आहे, इथेच का लागत नाहीस? अर्ज देणारा असा अर्ज घेणारा झाला. आपला स्वतःचा अर्ज त्याने सहा महिन्यांनी, नियमाप्रमाणे, ‘दप्तरी दाखल’ करून टाकला.

“जगाने मला काय म्हटलं ते मी ऐकून घेतलं,” ताई म्हणाली. “पण ते विमान तुकडे होऊन गेलं की मग विचारायला जागाच उरणार नाही. एक ओळ लिही. खोटी नको. बघ, आणि मग लिही.”

“काय बघू?”

“ते मला कसं ठाऊक? कचेरी तुझी.”

३

पूर्ववृत्तासाठी त्याने पहाऱ्याच्या नोंदवह्या काढल्या. जप्तीतल्या मालावर पहारेकरी असतो, आणि पहारेकऱ्याला रोज एक ओळ भरायची असते : तारीख, वेळ, दाराचे सील, काचा, टायर, आणि सहावा रकाना, ‘आत असलेल्या व्यक्ती’. हा सहावा रकाना कोणी आणि का आखला, ते कोणाला माहीत नव्हते. बहुधा गोदामाचा छापील नमुना तसाच विमानाला लावला असावा.

सहाव्या रकान्यात अठ्ठावीस वर्षे ‘निरंक’ होते. त्याआधीची पहिली सहा वर्षे मात्र रोज, एकही दिवस न चुकता, ‘१’.

रकान्याला हे आठवत होते. नव्हे, हे त्यानेच निस्तरले होते. नोकरीच्या सहाव्या वर्षी पहिल्यांदाच मासिक गोषवारा करताना हा ‘१’ त्याच्या डोळ्यांत खुपला. विचार केल्यावर उलगडा झाला : पहारेकरी भोळा होता. तपासणीसाठी तो स्वतः आत जायचा आणि स्वतःलाच मोजायचा. तेव्हा रकान्याने आपल्या नोकरीतले पहिले परिपत्रक काढले, ‘पहारेकऱ्याने व्यक्तींची संख्या लिहिताना स्वतःस धरू नये’, आणि मागच्या सहा वर्षांच्या गोषवाऱ्यांत ‘१’ च्या जागी ‘निरंक’ दुरुस्ती करून खाली सही ठोकली. मोठ्या बाबूंनी पाठ थोपटली होती.

आता त्या वह्यांची पाने उलटताना त्याला एक क्षुल्लक गोष्ट दिसली. तिसऱ्या रकान्यात, ‘दाराचे सील’ या खाली, त्याच सहा वर्षांत रोज एकच शब्द होता : ‘शाबूत’.

सील शाबूत असेल तर पहारेकरी आत जायचा कसा?

त्याने चष्मा पुसला. सील काढून परत लावत असेल. रोज? सीलाची लाख मोठ्या बाबूंच्या कपाटात असे, कुलपात. महिन्याला एक कांडी मिळायची म्हणून ते ती सोन्यासारखी जपत. मग त्याने वही मिटली आणि स्वतःला सांगितले, की अडाणी माणूस ‘शाबूत’ सवयीने लिहितो. आपण नाही का ‘वरीलप्रमाणे’ लिहीत.

४

पहारेकरी अजून जिवंत होता. सायकलीच्या दुकानामागच्या खोलीत बसून वेताच्या खुर्च्या विणायचा. डोळे शाबूत, गुडघे गेलेले.

“या या, परिपत्रकवाले साहेब,” त्याने स्वागत केले. “बसा. ती नको, तिचं बूड अजून विणायचंय.”

रकाना दुसऱ्या खुर्चीवर बसला आणि इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर मुद्द्यावर आला. “ते सहाव्या रकान्यात तुम्ही एक लिहायचात. ते स्वतःलाच मोजून ना?”

पहारेकऱ्याने वेताची पट्टी दातात धरून ताणली. “मी कशाला मला मोजू? मी बाहेर असायचो.”

“बाहेर म्हणजे?”

“खाली. गवतात. दाराला सील, आत जाणार कोण? खालून खिडक्या बघायचो आणि मोजायचो. एक दिसायचा, एक लिहायचा.”

खोलीत वेत भिजत घातलेल्या बादलीचा ओला वास होता. रकान्याने तो खोल आत घेतला आणि कचेरीतल्या आवाजात विचारले, “कोण दिसायचा?”

“माणूस. तिसऱ्या ओळीच्या खिडकीत. समोर बघत बसलेला.”

“आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?”

“रोज सांगत होतो की, साहेब. लिहून. सहा वर्षं.” तो विणत राहिला. “मग तुमचा कागद आला, चुकीचं लिहू नये म्हणून. माझी नोकरी कच्ची होती. घरात चार तोंडं. म्हटलं साहेबांनी निरंक सांगितलंय तर निरंक.”

“आणि नंतर? नंतर दिसायचा बंद झाला?”

पहारेकऱ्याने पहिल्यांदा मान वर केली.

“नंतर मी बघायचो बंद केलं,” तो म्हणाला.

५

रकाना भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. पगारवाढीच्या आश्वासनांवरही नव्हता. घरी जाताना त्याने सगळे मुद्दे मनात मांडले. एक, म्हातारा थट्टा करत असेल. परिपत्रकाचा राग अठ्ठावीस वर्षे टिकू शकतो, कचेऱ्यांत याहून जुने राग आहेत. दोन, काचेत ढगाची सावली. तीन, खुर्चीच्या पाठीवरचे कापड. तीनही कारणे भक्कम होती, आणि म्हणूनच त्याला बरे वाटेना. खऱ्या गोष्टीला सहसा एकच कारण असते.

दुसऱ्या दिवशी त्याने मूळ प्रवासी यादी काढली. पिवळा फुलस्केप कागद, एकतीस ओळी, शेवटी ‘उतरले’ असा रकाना. मागच्या बाजूला छापील सूचना : ‘संकटकाळी उतरवताना प्रवाशाने आपला आसन क्रमांक पुकारला जाईपर्यंत जागेवरून उठू नये. यादीवर खूण झाल्याशिवाय पायरीवर पाऊल ठेवू नये.’ यादी त्या दुपारी मोठ्या बाबूंनी पुकारली होती. ते वारून बारा वर्षे झाली. रकान्याला सगळे त्यांनीच शिकवले होते.

एक ते आठपर्यंत आठ खुणा होत्या, वेगवेगळ्या, नीटनेटक्या. नवव्या ओळीत पेन्सिल टेकलेली होती, आणि तिथून एक लांब रेघ सरळ खाली, एकतिसाव्या ओळीपर्यंत ओढलेली होती.

ती रेघ तो ओळखत होता. उन्हाने डोके तापले, बसवाला हॉर्न वाजवू लागला, की पुकारणारा ‘चला, उतरा सगळे’ म्हणतो आणि रेघ ओढतो. बावीस जण उठतात आणि उतरतात. जो आपला क्रमांक पुकारला जायची वाट बघत असेल, तो बसून राहतो.

भाऊजी तसेच होते. लग्नात फोटोवाल्याने त्यांना ‘हलू नका’ म्हटले आणि तो दुसरे भिंग आणायला गेला, तो पंगत पाहून तिथेच बसला. भाऊजी पाऊण तास खांबाला हात लावून उभे. ताई कानात म्हणाली, अहो, चला. तर ओठ न हलवता म्हणाले, “त्यांनी ‘झालं’ म्हटलेलं नाही.” पुढे कित्येक वर्षे दोन्हीकडचे नातेवाईक ही गोष्ट सांगून हसत. विमानानंतर ती कोणी सांगितली नाही.

पण बसून राहिले असते तर कोणाला दिसले नसते का? दिसले असते. मात्र यादीत माणूस उतरला म्हटल्यावर दिसणाऱ्याने करायचे तरी काय?

आसन क्रमांक नऊ. नावासमोर क्रमांक नऊ होता, हे त्याने तीन वेळा बोट ठेवून पाहिले.

६

तो दुपारी अडीचला एकटा गेला. सील त्याच सकाळी ठेकेदारासमोर फोडले होते. शिडी लावलेली होती. ठेकेदाराची माणसे पंखाच्या सावलीत पाने पिसत बसली होती. “आत काही नाही, साहेब,” त्यांतला एक म्हणाला. “उंदीरसुद्धा नाही. तेच तर नवल आहे.”

दार शेपटीकडे होते. आत गेल्यावर जमीन वर चढत जात होती, कारण विमान नाक वर करून उभे. बोळातून चालायचे म्हणजे टेकडी चढायची. एकीकडे दोन, एकीकडे एक, अशा ओळीला तीन खुर्च्या. चामडे तडकलेले, हातावरच्या राखदाण्या उघड्या, पडद्यांचा रंग उडून ताकासारखा झालेला. सगळ्या खुर्च्यांचे पट्टे सुटे पडले होते, काही जमिनीवर लोंबत होते. तो ओळी मोजत वर गेला. शेवटून मोजले तर नववी, पुढून मोजले तर तिसरी.

खिडकीपाशी आसन क्रमांक नऊ. रिकामे. त्यावर धूळ नव्हती.

पट्टा लावलेला होता. नुसता अडकवलेला नव्हे. पोटाएवढी जागा सोडून, ताठ. पट्ट्याच्या आणि पाठीच्या मधे काहीच नव्हते, आणि तरी पट्टा खाली पडत नव्हता.

रकान्याने त्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्याच्या हाताने, त्याला न विचारता, कडी उचलली. पट्टा सुटला आणि दोन बाजूंना पडला, इतर पट्ट्यांसारखा. चामडे ऊबदार लागले, उन्हात असेल. खिडकीला ऊन नव्हते, पण एरवी असेल.

तो उतार उतरून दारापर्यंत आला, शिडीवर एक पाय ठेवला, आणि मागून आवाज आला. खट्. कडी बसल्याचा. लहान, नीट, घाई नसलेला.

तो वळला नाही. शिडीच्या आठ पायऱ्या त्याने एकेक मोजून उतरल्या.

“काय झालं, साहेब?” पत्ते खेळणाऱ्याने विचारले.

“निरंक,” रकाना म्हणाला.

७

ताईला त्याने सगळे सांगितले, परिपत्रकासकट. तेच सांगायला सगळ्यात जड गेले. ती ऐकत असताना तिचे हात मांडीवर होते. शेवटी तिने विचारले, “म्हणजे सहा वर्षं तो बिचारा रोज लिहीत होता, आणि तू खोडलंस.”

“मला वाटलं, तो स्वतःला मोजतोय.”

“तुला नेहमी वाटतं.” ती उठली आणि कपाटातून बाहेर जायची साडी काढली. “उद्या त्यांना पुकार.”

“मी?”

“कचेरीचं माणूस पाहिजे ना? मी पुकारून ते उठले असते तर फोटोच्या वेळीच उठले असते.”

शुक्रवारी दुपारी ठेकेदाराची माणसे जेवायला गेली तेव्हा ती दोघे शिडीपाशी उभी होती. ताईने केस नीट बांधले होते. ती चौसष्ट वर्षांची होती आणि उन्हात डोळे बारीक करून दाराकडे बघत होती. दाराच्या आत अंधार होता, दुपारचा, नेहमीचा.

रकान्याने पॅडवर मूळ यादी लावली होती. एकदम नववा क्रमांक घेणे त्याला प्रशस्त वाटेना. यादी क्रमाने वाचतात.

“आसन क्रमांक एक,” तो म्हणाला. तो खाकरला. “आसन क्रमांक दोन.”

गवतात टोळ करकरत होते. पाच. सहा. लांब धावपट्टीवर कोणीतरी गाडी मागे घेत होते. सात. आठ.

“आसन क्रमांक नऊ.”

टोळ थांबले, असे त्याला नंतर वाटत राहिले. तेव्हा त्याचे लक्ष नव्हते. आत कडी सुटली. खट्. खुर्चीचे चामडे हळूच करकरले, बसलेला माणूस उठल्यावर करकरते तसे. मग पावले. उतारावरून खाली येणारा माणूस टाच आधी टेकतो, तोल सांभाळतो. तशीच ती पावले होती, एकामागून एक, शिस्तीत, कोणाला धक्का न लावता. विमानाचे पत्रे दर पावलाला किंचित बोलत होते.

ताईने त्याच्या दंडाला धरले होते.

पावले दाराशी थांबली. अंधारातून एक हात आला आणि त्याने दाराची चौकट धरली. चार बोटे. पांढरी बाही, मनगटाशी बटण लावलेले. बोटांच्या टोकांना खडूची पूड होती. तो हात पस्तीस वर्षांच्या माणसाचा होता.

पुढे काही आले नाही. हात वाट बघत होता.

कशाची ते रकान्याला कळले. यादीवर खूण झाल्याशिवाय पायरीवर पाऊल ठेवायचे नव्हते. त्याने पेन्सिल टेकवली. नवव्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात मोठ्या बाबूंची रेघ होती. रकाना भरलेला होता. भरलेल्या रकान्यात दुसरी खूण करणे म्हणजे मूळ दस्तऐवजात खाडाखोड. शेजारी करावी तर समास. खाली करावी तर दहावा क्रमांक. चौतीस वर्षांत त्याने भरलेल्या रकान्यावर कधी पेन्सिल चालवली नव्हती. एकदाच चालवली होती, ‘१’ वर, आणि ते आठवून तर त्याचा हात आणखीच थिजला.

आणि खरे सांगायचे तर तेवढेच नव्हते. ती बोटे इतकी तरुण होती. त्यांच्यामागे चेहरा असणार होता. तो उजेडात येणार होता आणि ताईकडे बघणार होता.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. पेन्सिलचे टोक कागदावर होते आणि कागदावर काही उमटले नव्हते.

“कर ना,” ताई कुजबुजली. “अरे, कर.”

हाताने चौकट सोडली. पावले परत निघाली, आता चढावर, चवड्यांवर जोर देत. चामडे करकरले. खट्.

ताईने त्याचा दंड सोडला. “काय झालं तुला?”

“भरलेला होता,” तो म्हणाला. “रकाना.”

तिने त्याच्याकडे पाहिले, वळून शिडीकडे गेली आणि खालच्या पायरीवर बसली. ठेकेदाराची माणसे जेवून आली तेव्हाही ती तिथेच होती. “आजी, उठा, पाय आखडतील,” त्यांतला एक म्हणाला. ती म्हणाली, “बसू दे रे. मला कुठं जायचंय.”

८

त्यानंतर रकान्याने चार वेळा पुकारले. रेघेवर ठळक खूण करून पुकारले. कोऱ्या कागदावर नवी यादी लिहून पुकारले. आतून काही आवाज आला नाही. चौथ्या वेळी त्याने गणवेशाचा कोट घातला होता. नव्या यादीवर व्यवस्थापकांची सही नव्हती, हे आतून प्रतिसाद न येण्याचे कारण असावे असे त्याचे मत झाले. भाऊजी सही बघितल्याशिवाय कशालाही हात लावत नसत.

म्हणून सोमवारी त्याने रीतसर अर्ज केला : ‘मूळ प्रवासी यादीतील आसन क्रमांक नऊ यांच्यापुरती एक ओळीची पुरवणी यादी काढण्यास व ती पुकारण्यास परवानगी मिळावी. तोपर्यंत कापणी थांबवावी.’

व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला. “रकानेसाहेब, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“आत माणूस आहे म्हणता?”

“एक प्रवासी.”

“कसं असेल? हे बघा.” त्यांनी कपाटातून गोषवाऱ्यांची चळत काढली आणि टेबलावर ठेवली, चौतीस वर्षांची. “दर महिन्याला निरंक. सहीसुद्धा तुमचीच.”

रकान्याने सही पाहिली. सुंदर सही होती.

“ती सही चुकीची आहे,” तो म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारले. “पहिल्या सहा वर्षांची तर नक्कीच. तसं लिहून देतो.”

“लिहून द्या,” व्यवस्थापक समजुतीने म्हणाले. “पण जुन्या गोषवाऱ्यात बदल करायचा तर मुख्य कार्यालयाची मान्यता लागते. तुम्हीच सांगता ना आम्हाला.”

त्याने लिहून दिले. पहारेकऱ्याच्या सहा वर्षांच्या वह्या, सील शाबूत असल्याच्या नोंदींसह, सोबत जोडल्या. परिपत्रक आपण काढले आणि ते चूक होते, हे त्याने शब्द न गाळता लिहिले. पूर्ववृत्ताचे एक पानही सादर केले. त्यातली शेवटची ओळ अशी : ‘तीस प्रवासी उतरले. एक प्रवासी उतरले नाहीत.’ ताईला त्याने ती वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, “ठीक आहे,” आणि चपला घालून विमानाकडे निघाली.

ती रोज जाते. ठेकेदाराने आधी हरकत घेतली, मग एक खुर्ची दिली. तिसऱ्या ओळीच्या खिडकीखाली, पंखाच्या सावलीत ती बसते. काच मळकी आहे. तिला आत कोणी दिसते का, हे रकान्याने विचारले नाही, तिने सांगितले नाही. काल फक्त एवढे म्हणाली, “मी म्हातारी झाले, हे त्यांना आधी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.”

पूर्ववृत्त स्वीकारण्यात आले आहे. शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीने ‘टंकलेखनातील चूक?’ असे लिहिले आहे. अर्ज मुख्य कार्यालयाकडे अभिप्रायासाठी गेला आहे. स्मरणपत्रे दोन पाठवली. कापणी ठरल्याप्रमाणे मंगळवारी, नाकाकडून सुरू झाली. पहिला दिवस वैमानिकाच्या खोलीतच गेला, आता दिवसाला साधारण एक ओळ होते. करवत थांबवली की आतून काहीतरी खटकन वाजते, पत्रा निवत असेल, असे कामगारांचे म्हणणे.

आज गुरुवार. संध्याकाळी काम थांबले तेव्हा आसन क्रमांक सहापर्यंत कापून झाले होते. अर्ज प्रलंबित आहे.